डोंगर काही वाढला नाही

मी ती चाकं बसवली नाहीत आणि बसवणारही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी लिब्रादा नमली की काय, अशी धाकधूक घेऊन कुणी वाचायला नको. नमायची सवय माझ्या गुडघ्यांना कधीच नव्हती, आणि एकतीस वर्षं क्लच दाबून झाल्यावर आता त्यांना नवी कुठली सवय लागायची नाही.

मेक्सिको शहर उत्तरेला जिथे संपतं तिथे आमची टेकडी सुरू होते. चढ असा, की मोठ्या बसगाड्या खालूनच परत फिरतात. माणसं वर राहतात, बाजार खाली भरतो, आणि या दोघांच्या मध्ये आम्ही, एकतीस वोचो. पाठीत इंजिन, पुढे हलकं नाक, वर ढोबळी पाठ, अशी ही जुनी छोटी गाडी, आमची टॅक्सी. ड्रायव्हरशेजारची सीट आम्ही सगळ्यांनीच काढून टाकलेली असते. त्यामुळे दोन्या मेनासारख्या जाडजूड म्हातारीला तामालचं, मक्याच्या वाफवलेल्या वड्यांचं, पातेलं घेऊन सरळ मागच्या सीटपर्यंत जाता येतं.

माझा नंबर सतरा. तो आधी माझ्या बापाचा होता. तळावर एक हिरवा फळा आहे, त्यावर सगळ्यांचे नंबर रांगेने लिहिलेले असतात. ज्याचा नंबर फळ्यावर त्याला रांगेत जागा. नंबर पुसला गेला की दारात गाडी असूनही माणूस पायी. बाप गेला तेव्हा बाईमाणूस या चढावर गाडी चालवणार कशी म्हणून आमच्या संघटनेच्या तेव्हाच्या अध्यक्षाने सतरा पुसायला फडकं उचललं होतं. मी ते फडकं त्याच्या हातातून घेतलं आणि त्याच फडक्याने गाडीची काच पुसून रांगेत उभी राहिले. म्हणून सतरा नंबर मला कुणी दिला, असं मी मानत नाही.

आताचा अध्यक्ष एवोदियो. तो माझा कोंपाद्रे आहे, मी त्याची कोमाद्रे. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तिला त्यानेच हातांत धरलं होतं. ते नातं सख्ख्या भावाइतकं जड, म्हणून आम्ही एकमेकांना अहो-जाहो करतो, भांडतानासुद्धा. माणूस वाईट नाही, पण चकाकणाऱ्या वस्तूपुढे त्याचं डोकं चालत नाही.

जूनमध्ये त्याने तळावरच्या खांबाला कागद चिकटवला. ड्रायव्हरांच्या संताच्या, सान क्रिस्तोबालच्या सणापर्यंत प्रत्येक गाडीला नवी चाकं लागली पाहिजेत. रुंद, बसकी, चांदीसारखी रिमं असलेली. ती एवोदियोच्या मेहुण्याकडेच मिळत होती, हे कागदावर नव्हतं. जो बसवणार नाही त्याचा नंबर जाईल, हे मात्र ठळक अक्षरांत होतं.

"खालच्या मोटारसायकलवाल्यांनी आपलं गिऱ्हाईक पळवलं, कोमाद्रे," तो मला म्हणाला. "पोरापोरींना आपल्या गाड्या आजोबांच्या वाटतात. जरा झळकायला नको?"

"माझी गाडी झळकते, कोंपाद्रे. रोज पुसते मी तिला."

"आणि ही चाकं अ‍ॅव्हरेज जास्त देतात. माझ्या गाडीने दाखवलंय. किलोमीटरचं मीटर वाचा."

"पेट्रोल कमी पितात?"

"लिटरमागे जास्त पळतात."

"मी विचारलं ते वेगळं होतं," मी म्हणाले. पण तो तोवर दुसऱ्याच्या गाडीकडे वळला होता.

नाही म्हणण्याआधी चव घेऊन बघावी, म्हणून मी ताचोची गाडी एक दिवस मागून घेतली. ताचोचा नंबर तेवीस. त्याच्या आईची मी मैत्रीण, म्हणून तो मला तीया म्हणतो, म्हणजे मावशी. त्याने पहिल्याच आठवड्यात नवी चाकं लावली होती आणि गाडीचे फोटो काढत हिंडत होता.

खोटं बोलणार नाही. सकाळी कोरड्या रस्त्यावर गाडी छान चालली. वळणावर कमी झुकली. चढावर तर माझी गाडी जिथे पहिला गिअर मागते तिथे ती दुसऱ्यात चढली. चाक लहान झालं की इंजिनला ते फिरवणं सोपं जातं, एवढं मला कळतं. पण इंजिन सगळा वेळ किंचाळत होतं. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवायला दोन्ही खांदे लावावे लागत होते. पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासायचा. आणि प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं पोट खरवडून निघत होतं, कारण गाडीच बसकी झाली होती. आमच्या टेकडीवर दर पन्नास पावलांवर गतिरोधक आहे. ज्याच्या घरी लेकरू झालं तो घरासमोर एक बांधून घेतो.

दुपारी तीनला पाऊस आला. जुलै तोंडावर आला की तो रोज तीनलाच येतो. मागे दोन्या मेना आणि दोन शाळकरी मुली होत्या. उतारावर नालवळण लागलं. घोड्याच्या नालेसारखं ते वळण, काँक्रीट घासून घासून फरशीसारखं गुळगुळीत झालेलं. मी स्टिअरिंग वळवलं आणि नाक वळलंच नाही. गाडी सरळ निघाली, जणू वळण तिला ऐकूच आलं नाही. माझा अरुंद टायर पाणी कापून खाली काँक्रीटला जाऊन भिडतो. हे रुंद टायर हलक्या नाकाखाली पाण्यावरच पसरून बसले. मी ब्रेक सोडला, थोडं सरळ जाऊ दिलं, मग चाकांनी जमीन पकडली. तोर्तियाच्या, मक्याच्या पोळ्यांच्या, दुकानाची भिंत हातभर लांब राहिली होती.

दोन्या मेनाने पातेल्यावरचं झाकण नीट केलं आणि म्हणाली, "लिब्रादा, माझं घर पलीकडे आहे गं. तोर्तिया मला नको होत्या."

मी हसले, पण घरी पोचेपर्यंत गाडी पहिल्या गिअरमधून काढली नाही. त्या मुलींची दप्तरं आरशात दिसत होती तेवढी आठवत राहिली. त्याच दिवशी मी ठरवलं. कुणीही येऊ दे, संत येऊ दे, ही चाकं माझ्या गाडीला लागणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी तळावर सगळ्यांसमोर एवोदियोला म्हणाले, "अ‍ॅव्हरेजची एवढी खात्री आहे ना? मग तुमची गाडी आणि माझी गाडी. दोन्ही टाक्या गळ्यापर्यंत भरू. तळापासून टेकडीच्या माथ्यावरच्या क्रुसापर्यंत आणि परत, दहा फेऱ्या, एकामागे एक. मग त्याच पंपावर परत गळ्यापर्यंत भरू. तुम्ही जिंकलात तर मी चाकं लावते आणि वर्षभर रांगेत शेवटी उभी राहते. मी जिंकले तर कागद फाडायचा."

"कबूल," तो म्हणाला, आणि एवढ्या पटकन म्हणाला की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

रविवारी आम्ही दहा फेऱ्या केल्या. तो पुढे, मी मागे. वरच्या गल्ल्यांतल्या बायका दारात खुर्च्या टाकून बसल्या होत्या. ताचो प्रत्येक फेरीला भिंतीवर खडूने रेघ मारत होता. दहा रेघा झाल्या, आम्ही पंपावर गेलो. माझ्या गाडीत सहा लिटर मावलं. त्याच्या गाडीत सहा लिटर तीनशे मिली.

मी हात वर केले. "झालं! जास्त प्यायली!"

"थांबा," एवोदियो म्हणाला. त्याने खिशातून कागद काढला. "तुमचं मीटर किती दाखवतं?"

"साठ किलोमीटर."

"माझं पासष्ट. साठ भागिले सहा, दहा. पासष्ट भागिले सहा पूर्णांक तीन, दहा पूर्णांक तीन. लिटरमागे मी जास्त गेलो. हरलात, कोमाद्रे."

गलका झाला. टाळ्या वाजल्या. मी त्याच्या हातातला कागद ओढून घेतला.

"अहो, एकाच रस्त्यावर एकामागे एक होतो आपण! तुम्ही पाच किलोमीटर जास्त कुठे गेलात? मधेच तामाल खायला?"

"ते मला नका विचारू. मीटरला विचारा."

"फेऱ्या दहाच! पेट्रोल तुम्हाला जास्त लागलं!"

"मी एकशे दहा किलोचा आहे," एवोदियोने पोटावर हात फिरवला. "ते तीनशे मिली या पोटाचे."

सगळे खो खो हसले. मग तो गंभीर झाला आणि वळून त्याने विचारलं, "दहा फेऱ्यांचे तुमच्यापैकी कुणाचे पासष्ट होत नाहीत? हात वर करा."

एकही हात वर आला नाही. सगळ्यांनी नवी चाकं लावली होती आणि सगळ्यांचे पासष्टच होत होते. आमच्या तळावर आजवर कुणी किलोमीटर मोजलेच नव्हते. आम्ही फेऱ्या मोजतो, मीटरचे आकडे फिरतायत की नाही हेही आम्ही वर्षानुवर्षं बघत नाही. नवी चाकं आली आणि एवोदियोने सगळ्यांना वहीत किलोमीटर लिहायला लावले, तेव्हा कुठे लोकांची नजर मीटरवर गेली. आणि तेव्हापासून तिथे पासष्टच दिसत होते.

"तीस गाड्या पासष्ट म्हणतात," एवोदियो म्हणाला. "एकटी सतरा नंबर साठ म्हणते. कोमाद्रे, तुमच्या मीटरची तार झिजली. गाडी म्हातारी झाली."

"गाडी म्हातारी झाली असेल, डोंगर वाढलाय का?" मी ओरडले. "सांगा ना! डोंगर वाढला का रातोरात?"

मला उत्तर देता येत नव्हतं, हे खरं. माझं मीटर बरोबर आहे हे मला आतून माहीत होतं, पण तीस मीटरं एकाच वेळी एकसारखं खोटं कशी बोलतील, हे सांगता येत नव्हतं. आणि ज्याने चाकं विकत घेऊन बसवली आहेत त्याला आपण फसलो हे ऐकायची हौस नसते.

कोण जिंकलं याचा कौल घेतला. तीस हात एका बाजूला. माझा एक. ताचोचा हातही वर होता, फक्त तो माझ्याकडे बघत नव्हता.

"पैज तुम्ही लावलीत, आता तुमचा शब्द पाळा," एवोदियो म्हणाला.

"खोट्या मापाने हरलेली पैज मी मानत नाही."

"मग नाइलाज आहे. सणापर्यंत तुमची जागा दुसऱ्याला देत नाही," असं म्हणून त्याने ओलं फडकं घेतलं आणि फळ्यावरचा सतरा पुसला. "चाकं लावून या, मी स्वतः लिहीन."

त्या ओल्या डागाकडे मी बघत राहिले. बापाला पुरलं तेव्हा मी रडले नव्हते, तळावर गाड्या धुवायच्या होत्या म्हणून. त्या दिवशी गाडीत बसून रडले. मग तोंड पुसलं, गाडी रस्त्याच्या पलीकडे, रांगेच्या बाहेर उभी केली, आणि दार उघडं ठेवून बसले.

"लिब्रादा, चाकं लाव आणि मोकळी हो," शेजारणी सांगायच्या. "कशाला डोकं आपटतेस?"

"डोकं माझं आहे," मी म्हणायचे.

पहिले दोन दिवस कुणी आलं नाही. रांग सोडून माझ्याकडे यायचं म्हणजे तीस ड्रायव्हरांच्या नजरा झेलायच्या. तिसऱ्या दिवशी दोन्या मेना पातेलं घेऊन रस्ता ओलांडून आली आणि सरळ मागे बसली. मग शाळकरी मुलींच्या आया आल्या. पावसाच्या वेळी जास्त यायच्या, उन्हात कमी. बायकांना अ‍ॅव्हरेज कळत नसेल, भिंत कळते.

सणाला चार दिवस राहिले असताना मी क्लेओफासच्या दुकानात हवा भरायला गेले. क्लेओफास आमचा पंक्चरवाला, सत्तरी उलटलेला, बोलायचा कंटाळा असलेला. तिथे ताचो आधीच येऊन कपाळाला हात लावून बसला होता.

"काय झालं रे?"

"काही विचारू नकोस, तीया. खड्ड्यात गेलं. बसका टायर ना, रिम आणि खड्ड्याच्या मध्ये चेमटला, कडेला फाटला. परवापासून स्टेपनीवर चालवतोय. एवोदियोच्या मेहुण्याकडून नवा आत्ताच आला."

"स्टेपनी कुठली? नवी?"

"छे! पाचवं चाक कुणी घेतलंय? डिकीत जुनंच आहे सगळ्यांच्या." तो नाक मुरडून म्हणाला, "गाडी एका बाजूला ओढते, लंगड्यासारखी. आणि मीटर पण आळशी झालंय. दोन दिवस दहा-दहा फेऱ्या मारल्या, साठच्या पुढे जातच नाही."

मी हवेचा पाइप खाली ठेवला.

"परत बोल."

"साठच्या पुढे..." तो थांबला.

"कुठलं चाक फाटलं होतं?"

"पुढचं डावं."

क्लेओफास वर न बघता म्हणाला, "वोचोच्या मीटरची तार तिथेच असते. पुढच्या डाव्या चाकाच्या मधोमध. चाक फिरलं की तार फिरते, तार फिरली की आकडे." आणि त्याने पान्याने रिमवर दोनदा ठोकलं. "मीटर रस्ता मोजत नाही, पोरा. चाकाचे फेरे मोजतं. हे मला कुणी विचारलंच नाही."

मला त्याचा मुका घ्यावासा वाटला आणि त्याला चापट मारावीशीही वाटली. मी खडू उचलला. ताचोच्या जुन्या स्टेपनीला आणि नव्या चाकाला एकेक रेघ मारली, दोन्ही चाकं फुटपाथवर एका रेषेत ठेवली आणि एकेक पूर्ण फेरा ढकलली. रेघ परत जमिनीला टेकली तिथे खूण केली. नवं चाक मागे राहिलं. मी बोटं टेकवून मोजलं. आठ बोटं.

"प्रत्येक फेऱ्याला आठ बोटं कमी," मी म्हणाले. "आणि मीटरला वाटतं, फेरा झाला म्हणजे पूर्वीइतकाच रस्ता झाला. म्हणून साठचे पासष्ट होतात. अरे ताचो, तुम्ही पाच किलोमीटर जास्त कधी गेलाच नाहीत! जुन्या चाकांवर साठ किलोमीटरला सहा लिटर लागायचं, आता तेवढ्यालाच तीनशे मिली जास्त जाळता आणि वर टाळ्या वाजवता!"

ताचोने दोन्ही चाकं स्वतः पुन्हा एकदा ढकलून बघितली. त्याचे कान लाल झाले होते.

"मी हात वर केला होता, तीया," तो म्हणाला.

"मी बघितलं होतं."

"आता काय करू?"

"नवं चाक परत बसव. उद्या दहा फेऱ्या मार आणि मीटर लिही. आणि सणाच्या दिवशी तोंड उघडायला शीक."

सणाला सकाळपासून तळावर गाड्या धुऊन कागदी फुलांनी सजवल्या जात होत्या. दुपारी फादर पाणी शिंपडून गाड्यांना आशीर्वाद देतात, मग सगळी रांग हॉर्न वाजवत वरच्या क्रुसापर्यंत जाते. खांद्यावर बाळ घेतलेला सान क्रिस्तोबालचा प्लास्टरचा पुतळा दर वर्षी अध्यक्षाच्या गाडीच्या टपावर असतो. एवोदियो तो दोऱ्यांनी बांधत होता. त्याच्या पुढच्या मडगार्डवर संताचं नवंकोरं मोठं स्टिकर होतं. मी जवळ जाऊन बघितलं. स्टिकरखाली पोचा होता, आणि पोच्यात तोर्तियाच्या दुकानाच्या भिंतीचा निळा रंग.

"कोमाद्रे, चाकं?" त्याने विचारलं.

"आणलीत." मी माझ्या डिकीतून फक्त खडू काढला. "सगळ्यांनी आपापली स्टेपनी बाहेर काढा!"

"आज भांडण नको."

"भांडत नाहीये, मोजतेय. ताचो!"

ताचोने आपली स्टेपनी काढून नव्या चाकाशेजारी ठेवली. सगळ्यांसमोर ढकलली. आठ बोटं. मग त्याने वही उघडली. मोठ्याने वाचलं. "सोमवार, स्टेपनी डावीकडे पुढे, दहा फेऱ्या, साठ. मंगळवार, स्टेपनी, साठ. गुरुवार, नवं चाक, पासष्ट. गाडी माझीच, ड्रायव्हर मीच. मंगळवारी डोंगर झिजला होता का?"

कुणी हसलं नाही. मग नऊ नंबरवाल्याने आपली स्टेपनी काढली. मग अठ्ठावीसने. ज्याने त्याने आपल्याच डिकीतलं जुनं चाक काढून ढकलून बघितलं. प्रत्येकाच्या खुणेत तीच आठ बोटं.

"तीन आठवडे हे माझ्या नाकाखाली होतं," नऊ नंबरवाला म्हणाला.

"नाकातच होतं. डिकी पुढेच असते," मी म्हणाले.

एवोदियोने स्टेपनी काढली नाही. तो म्हणाला, "बोटांनी कुठे अ‍ॅव्हरेज मोजतात का? फादर खोळंबलेत. मिरवणूक निघू दे, बाकीचं नंतर. सतरा नंबर फळ्यावर नाही, ती गाडी रांगेत येणार नाही."

"रांगेत नाही येत," मी म्हणाले. "रस्ता मात्र तुमच्या मेहुण्याकडून विकत घेतलेला नाही."

फादरांनी पाणी शिंपडलं. माझ्या गाडीपाशीही आले, त्यांनी फळा बघितला नाही. रांग निघाली आणि मी सगळ्यात शेवटी निघाले, मागे दोन्या मेनाला घेऊन. ती वर क्रुसापाशी तामाल वाटते, दर सणाला. पुढच्या तीस गाड्यांची पोटं प्रत्येक गतिरोधकावर एकामागे एक खरवडत होती. हॉर्नच्या गोंधळातही ते ऐकू येत होतं.

क्रुसापाशी प्रार्थना झाली, तामाल वाटले, मक्याची गरम पेज, आतोले, प्यालो. तेवढ्यात तीन वाजले आणि रोजच्यासारखा पाऊस आला. मोठा नाही, बारीक. पण रस्ता चमकायला लागला तसे सगळे खाली बघू लागले. वरून नालवळण दिसतं. ते ओलं झालेलं दिसत होतं.

मिरवणूक खाली न्यायची म्हणजे अध्यक्षाची गाडी पुढे, संत टपावर. एवोदियो गाडीत बसला. चावी फिरवली. मग उतरला. संताकडे बघितलं, वळणाकडे बघितलं, मडगार्डवरच्या स्टिकरवर हात फिरवला. तीस माणसं त्याच्याकडे बघत होती. त्याने दोऱ्या सोडल्या, पुतळा छातीशी धरला आणि चालत शेवटपर्यंत, माझ्या गाडीपाशी आला.

माझ्या शेजारी, जिथे सीट नसते तिथे, त्याने संताला उभं केलं. आपला पट्टा काढून त्याने त्याला बांधलं.

"जपून न्या, कोमाद्रे," तो हळूच म्हणाला. "प्लास्टरचा आहे. नालवळण ओलं आहे."

मी हळू बोलले नाही.

"संताला माझ्या गाडीत बसवलंत, कोंपाद्रे. आणि माणसांना कुठल्या गाडीत बसवणार?"

त्याच्या मिशांवरून पाणी ओघळत होतं. मागून दोन्या मेना म्हणाली, "मी तर बसलेच आहे. तू काय तो विचार कर, एवोदियो, भिजतोयस."

एवोदियोने आपल्या गाडीला कुलूप लावलं. परत आला, संताला धक्का न लागू देता कसाबसा मागे शिरला आणि दोन्या मेनाच्या पातेल्याला टेकून बसला. एकशे दहा किलोने माझी गाडी एका बाजूला झुकली. पुढच्या एकोणतीस ड्रायव्हरांनी आपापल्या गाड्या कडेला घेऊन मला वाट करून दिली. ताचोने सगळ्यात आधी घेतली.

मी रांगेच्या तोंडाशी येऊन थांबले आणि काच खाली केली, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं.

"अध्यक्ष, या गाडीचा नंबर किती?"

मागून काही आवाज आला.

"मोठ्याने."

"सतरा!" एवोदियो ओरडला, आणि मी क्लच सोडला.